आपाच्या वर्गात बाकं कोण बदलायचं?

थांबा, हातातलं काम जरा बाजूला ठेवा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. आत्ताच शाळेतून आलेय, चहासुद्धा घेतला नाहीये. उद्या सांगायला बसले तर मी ते विचारबिचार करून सांगेन आणि मग ते असं राहणार नाही.

गोष्ट आमच्या आपाची आहे. आपा म्हणजे मी शिकवते त्याच शाळेतली टीचर, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी, आणि तरी माझी मैत्रीण. ऑगस्टमध्ये गेली. साधा ताप म्हणाले, मग साधा नव्हता म्हणाले, आणि सोमवारी शाळेत येणारी बाई सोमवारी आलीच नाही.

आमची शाळा भिवंडीत, धामणकर नाक्यावरून आत शिरलं की लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्ल्या लागतात ना, त्यातल्याच एका गल्लीच्या टोकाला. मराठी माध्यम, पण वर्गात तेलुगू घरातली पोरं, यूपीची पोरं, आमच्या खाडीकडच्या गावांतली आगरी पोरं, सगळी मिसळ. निम्म्याहून जास्त पोरांचे वडील लूमवर कामाला. प्राथमिक शाळा दुपारची भरते. खिडकी उघडी असली की दिवसभर खटखट खटखट, नवीन माणसाचं पहिल्या आठवड्यात डोकं उठतं. माझं उठलं होतं. मी काल्हेरची, आमच्याकडे गोडाऊनच्या ट्रकांचे आवाज, पण ते येतात आणि जातात. लूम थांबतच नाही. आपा मात्र इथलीच, जुन्या कोकणी मुसलमान घरातली. घराच्या खालीच तिच्या चुलत्यांचे लूम. तिला तो आवाज ऐकूच यायचा नाही, पंख्याचा आवाज आपल्याला येत नाही तसा.

पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये मी केवढी बडबड केली होती! मी घाबरले की बोलते. आपा डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाली, "गो पोरी, मशीन जरा थांबव. माझे दोन धागे तुटले."

सगळे हसले. मला काही कळलं नाही, पण मीही हसले. लूमवर धागा तुटला की मशीन थांबवून तो जोडायचा असतो, हे मला नंतर कळलं. तोवर तिने माझ्यापुढे घावन सरकवलं होतं, बाजूला सुक्या कोलमीची चटणी. झाली मैत्री. त्यानंतर रोज सुटल्यावर नाक्यापर्यंत आम्ही बरोबर चालायचो, मी शेअर रिक्षाच्या लाइनला लागायचे आणि माझा नंबर येईपर्यंत ती उभी राहायची. मी दिवसभराचं सगळं सांगायचे. ती म्हणायची, "बस गो आता रिक्षात, बाकीचं उद्या बोल. नाहीतर रिक्षावाला दोन सीटांचं भाडं मागेल, एक तुझं नि एक तुझ्या तोंडाचं."

आता मुद्द्याचं. तिचा वर्ग चौथी ब. दुसरीपासून तिने तीच पोरं वर आणली होती. आणि त्या वर्गात एक गोष्ट होती जी आमच्या शाळेत दुसऱ्या कुठल्याच वर्गात नव्हती. तिच्या वर्गातून "मोठ्याने वाच!" असं कधी ऐकू यायचं नाही. बाकी आम्ही सगळ्या टीचर दिवसभर तेच ओरडत असतो, एक तर पोरगं पुटपुटतं, नाहीतर असं किंचाळतं की शेजारच्या वर्गाचा पाढा चुकतो. आपाच्या वर्गात वाचनाचा तास असा चालायचा की मी मुद्दाम व्हरांड्यातून हळू चालत जायचे.

आणि दुसरं म्हणजे बाकं. आमच्याकडे जून महिन्यात पोरांना उंचीप्रमाणे बसवतात आणि ती वर्षभर तिथेच. आपाची पोरं बदलायची. या आठवड्यात पहिल्या बाकावर दिसलेली पोरगी पुढच्या आठवड्यात एकदम शेवटच्या बाकावर. काही पोरं वर्षभर मागेच. काही मधेच बुधवारी हलणार. मला अशा गोष्टी सोडवत नाहीत, मी स्टाफरूममध्ये विषय काढला.

गणिताचे सर म्हणाले, "सोपं आहे. चाचणीच्या मार्कांप्रमाणे बसवते."

"पण सर, चाचणी महिन्यातून एकदा, बाकं दर आठवड्याला."

"मग तोंडी घेत असेल."

आमच्या शाळेतल्या मावशी, ज्या घंटा देतात, त्या दारात उभं राहून ऐकत होत्या. "न्हाय गो बाय, कोन कोनाशी भांडलाय ते बघून बसवते ती. मना म्हाईत हाय."

मी सरळ आपालाच विचारलं. "आपा, सांग ना, बाकांचं सूत्र काय आहे?"

"मी कुठे बसवते? मी तर फळा पुसत असते."

"टाळू नको ना!"

"अल्लाशप्पथ. येऊन बघ."

मी खरंच जाऊन बघितलं. घंटा झाली, पोरं आत आली, आपा पाठ करून फळा पुसत होती. बाकं सरकल्याचे आवाज आले, दप्तरं आपटली, ती वळली तेव्हा सगळी बसलेली. आदल्या दिवशी पुढे असलेली काही मागे गेली होती, मागची काही पुढे आली होती. ती एक शब्द बोलली नव्हती. मी दारात तोंड उघडं टाकून उभी. ती माझ्याकडे बघून हसली आणि तिने वाचन चालू केलं. आणि मी काय विचार केला? म्हटलं, ही आधी सांगून ठेवत असणार. मग पावसाने जोर धरला, प्रकल्प आले, माझ्या दुसरीच्या पोरांना गोवर आला, विचारायचं राहिलं. विचारायला वेळ आहे असंच वाटत असतं ना.

ती गेल्यावर मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, चौथी ब मला दिली. पोरं मला ओळखत होती, म्हणून. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पोरं उभीच, भिंतीला लागून. कुणी बसेना. मग मी म्हटलं, "टीचर होत्या त्या शेवटच्या दिवशी जिथे बसला होतात, तिथेच बसा." ती बसली. आणि मला एक कल्पना सुचली, मला तेव्हा ती फार म्हणजे फारच सुंदर वाटली. रंगीत कागदाच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकावर पोराचं नाव लिहिलं आणि गोंदाने बाकांवर चिकटवल्या. आपाची शेवटची रचना. ती आता हलणार नाही. मी रडत रडत चिकटवत होते. मोठ्या बाई बघायला आल्या आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. गणिताच्या सरांनी फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. मावशींनी रोज बाकं पुसताना पट्ट्यांना फडकं लागू दिलं नाही.

आणि वर्ग बिघडला!

लगेच नाही, हळूहळू. मागच्या बाकांवरची काही पोरं वाचायला उभी राहिली की नुसते ओठ हलायचे. पुढच्या बाकावरचा एक आगरी पोरगा माझ्या कानापाशी असा वाचायचा की मी दचकून मागे व्हायचे. मीही ओरडायला लागले, "मोठ्याने! हळू! तुला नाही, तुला!" एक तेलुगू घरातली पोरगी होती, जिच्या वाचनाचं आपा माझ्याकडे कौतुक करायची. तिची पट्टी शेवटच्या बाकावर होती. एका आठवड्यात ती छान खणखणीत वाचायची, पुढच्या आठवड्यात तोंडातून वारासुद्धा नाही. मला वाटलं, आठवण येते तिला. सगळ्यांनाच आठवण येते. मी त्याला दुःख समजत राहिले.

दसऱ्याच्या आसपास मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं.

"हे बघ, तुझ्यावर राग नाही. पण चौथी ब हाताबाहेर गेलीये. दिवाळीनंतर आपण तो वर्ग वाटून टाकू. अर्धी पोरं अ मध्ये, अर्धी क मध्ये. तुझी दुसरी तुला परत."

"बाई, नको ना."

"का नको? तुलाच सोपं."

मी म्हटलं, "बाई, त्यांची टीचर गेली. आता एकमेकांपासून पण तोडायचं?"

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, "सुट्टीच्या आधी मी स्वतः येऊन वाचन ऐकते. प्रत्येकाचं. वाचली तर ठेवते. मला ऐकू आलं पाहिजे एवढंच."

म्हणजे आता सगळं त्या वाचनावर होतं. मी घाबरले आणि मी घाबरले की काय होतं ते सांगितलंच आहे, मी वर्गात आणखी बोलायला लागले, पोरं आणखी गप्प. शेवटी म्हटलं, त्या तेलुगू पोरीच्या घरी जाऊन बघू. एवढी छान वाचणारी पोरगी मधेच मुकी होते, काहीतरी असणार. आजारी असेल, घरात भांडणं असतील. शाळा दुपारची, म्हणून मी सकाळीच गेले.

त्यांची खोली लूमच्या शेडला लागून. गल्लीत उभं राहिलं तर छातीत खटखट वाजते इतकं जवळ. मी दारात जाऊन जोरात, आवाजावर आवाज चढवून, "आहे का कोणी?" म्हटलं, तशी तिची आई धावत आली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. आत एकच खोली. मधोमध चटईवर तिचे वडील झोपलेले, तोंडावर टॉवेल. कोपऱ्यात ती पोरगी मराठीचं पुस्तक घेऊन बसलेली. वाचत होती. ओठ हलत होते, आवाज शून्य.

आई माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "नाइट शिफ्ट किया. अभी सोया."

मी पण कुजबुजले, "इतने आवाज में नींद आती है?"

ती हसली. "मशीन चलता तो सोते. मशीन बंद हुआ तो उठके बैठ जाते. और बच्चा लोग थोडा भी जोर से बोला ना, तो भी उठते."

विचार करा! भिंतीपलीकडे शेकडो लूम खटखटतायत, तो माणूस ढिम्म. आणि लेकीने 'आई' म्हटलं की जागा. मला ते इतकं भारी वाटलं की मी दोन मिनिटं नुसती त्याच्या टॉवेलकडे बघत राहिले, श्वासाने वरखाली होणारा टॉवेल. मग पोरगी मला हाताला धरून बाहेर घेऊन आली, गल्लीच्या तोंडाशी, जिथे बोलता येतं.

मी म्हटलं, "तू सकाळपासून अशीच वाचतेस?"

"पप्पा नाइटला असले की." तेसुद्धा ती इतकं हळू म्हणाली की मला वाकावं लागलं. आम्ही बाहेर होतो, समोर रिक्षा हॉर्न देत होती, तरी तिचा आवाज अजून त्या खोलीतच होता.

"आणि डे शिफ्टला असले की?"

"मग घरात कोणी नसतं ना झोपलेलं. मग मी जोरात वाचते. भाऊ पण ओरडतो."

"मग शाळेत का नाही वाचत जोरात?"

तिने माझ्याकडे बघितलं, मोठ्या माणसाला काहीच कसं माहीत नाही असं बघतात तसं. "लगेच नाही येत टीचर आवाज. म्हणून तर आम्ही पुढे बसायचो."

"कोण आम्ही?"

"ज्यांचे पप्पा नाइटला असतील ते. शिफ्ट बदलली की मागे जायचं. ज्यांचं घर एकदम मशीनजवळ आहे आणि दिवसा कोणी झोपत नाही, ते मागेच. ते ओरडतात खूप."

"हे टीचर रोज सांगायच्या?"

"नाही. एकदाच. दुसरीत. म्हणाल्या, ज्याच्या घरी कोणी झोपलंय, त्याने माझ्याजवळ यायचं."

एवढंच! मी तिथेच गटाराच्या कठड्यावर बसले. म्हणजे आपा खरंच काही करत नव्हती. ती खरंच फळा पुसत होती. कुठल्या कारखान्यात शिफ्ट आठवड्याने बदलते, कुठे पंधरा दिवसांनी, कुणाचा बाप मधेच दुसऱ्याच्या जागी बदलीवर जातो, हे तिने लक्षात ठेवायची गरजच नव्हती. पोरांना माहीत होतं. पोरं आपापली हलायची. जी सकाळभर कुजबुजून आलीयेत ती तिच्या जवळ बसायची, तिला ऐकू यायचं, मग हळूहळू चार वाजेपर्यंत त्यांचा आवाज परत यायचा. आणि आम्ही सगळ्या शिकलेल्या माणसांनी मिळून काय केलं? ती हलती गोष्ट गोंदाने चिकटवली. तिच्यावर प्रेम होतं म्हणून!

मी विचारलं, "अगं मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही पट्ट्या लावताना रडत होता ना," ती म्हणाली. "मग आम्ही सगळ्यांनी ठरवलं, राहू दे."

त्याच दुपारी मी पट्ट्या काढल्या. निघेनात, गोंद चांगलाच लावला होता, नखांनी खरवडल्या. मग फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि म्हटलं, "टीचरच्या वेळी बसायचात तसं बसा." आधी काहीच नाही. मग एक बाक सरकलं. मग दुसरं. मग धडाधड. मी वळले तर पुढच्या बाकांवर भलतीच पोरं होती, ज्यांना मी आजवर ढ समजत होते त्यातली चारपाच तर नक्कीच. मी त्यांच्या इतक्या जवळ उभी राहिले की माझी ओढणी त्यांच्या पुस्तकाला लागत होती, आणि त्यांनी वाचलं. ऐकू आलं मला!

आणि आज. आज मोठ्या बाई आल्या. त्या तपासायला आल्या की मागे खुर्ची टाकून बसतात, तशाच बसल्या. पहिलं नाव त्या तेलुगू पोरीचं. तिचे वडील या आठवड्यात परत नाइटला. ती पहिल्या बाकावर उभी राहिली आणि वाचायला लागली, आणि मागून बाई म्हणाल्या, "ऐकू येत नाही."

मी त्यांच्या खुर्चीपाशी गेले. म्हटलं, "बाई, तुम्ही पुढे येता का?"

"मी तपासायला आलेय आणि तू मला उठवतेस?"

"बाई, तिचे वडील घरी झोपलेत."

"त्याचा इथे काय संबंध?"

मी सांगायला लागले, आणि माझ्या नेहमीच्या स्पीडने सगळं सांगितलं, टॉवेल, मशीन, शिफ्ट, पट्ट्या, सगळं. पोरं मधे मधे भर घालत होती, "हो बाई, माझे पप्पा पण", "माझी मम्मी पण, ती मानकोलीला गोडाऊनमध्ये नाइटला असते". बाई उठल्या, पुढे आल्या आणि त्या पोरीच्या शेजारी बाकावर बसल्या. चौथीच्या पोरांचं बाक ते, बाईंचे गुडघे मावेनात, त्या तिरक्या बसल्या. मग कान पुढे केला आणि म्हणाल्या, "हं. वाच."

तिने अख्खा धडा वाचला. विहिरीचा धडा आहे. कुठे अडखळली नाही. बाईंचा कान तिच्या तोंडाच्या इतका जवळ होता की वर्गात इतर कुणालाच ऐकू गेलं नाही, मलासुद्धा. पण मला बाईंचा चेहरा दिसत होता.

मग त्या आगरी पोराचा नंबर आला, तो आता शेवटच्या बाकावर. त्याने पहिली ओळ अशी वाचली की मावशी व्हरांड्यातून धावत आल्या, "काय झाला? कोन पडला?" सगळा वर्ग हसून लोळला. मोठ्या बाईही हसल्या. म्हणाल्या, "याच्यासाठी मला पुढे यायची गरज नाही, घरी बसूनही ऐकेन."

सगळ्यांचं वाचन झालं. काही अडखळले, एकजण रडला, एकाने पुस्तक उलटं धरलं होतं. सगळेच काही हुशार नाहीत, खोटं कशाला सांगू. बाई जायला उठल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, "वर्ग राहू दे. दिवाळीनंतर मी न सांगता येणार. आणि त्या बाकांवरचे गोंदाचे डाग घासून घे, शोभत नाहीत."

पोरांना आधी कळलंच नाही की ते जिंकलेत. मी म्हटलं, "अरे, तुम्ही सगळे इथेच राहणार!" तेव्हा कुठे दंगा झाला.

पण माझ्या डोक्यात आता दुसरंच चालू आहे. आपाला हे कळलं कसं? तिच्या घरी मालकीचे लूम होते, तिच्या बापाला कधी नाइट करावी लागली नसणार. मग ती लहानपणी खालच्या कामगारांच्या पोरांबरोबर खेळायची का? की एखादं पोरगं वर्गात कुजबुजलं आणि तिने ओरडायच्या ऐवजी जवळ जाऊन विचारलं, "घरी कोण झोपलंय?" मला दुसरं जास्त खरं वाटतंय. पण मला माहीत नाही आणि आता मला कोण सांगणार? रिक्षाच्या लाइनमध्ये मी तिला हजार गोष्टी सांगितल्या, ती एक गोष्ट विचारून मात्र घेतली नाही.

तुमच्याबरोबर झालंय का हो असं? गेलेल्या माणसाचं काहीतरी आहे तसंच जपून ठेवायला गेलात, आणि जपल्यामुळेच ते बंद पडलं? मग ते चालू कसं झालं? तुम्हाला कुणी सांगितलं, की तुमचं तुम्हालाच कळलं? मला खरंच ऐकायचंय, सांगा ना.